कामठ्याच्या आभाळातली घोषणा

डाकोटा विमानाच्या उघड्या दारात तुलाराम रहांगडाले उभा होता आणि उडी मारत नव्हता.

हिरवा दिवा लागला. मी ओरडलो, "गो!" तुलारामनं दाराची कड आणखी घट्ट धरली. विमान कामठ्याचं शिवार ओलांडून गेलं. आमच्या भाषेत याला 'रिफ्यूजल' म्हणतात. माझ्यासारख्या इन्स्ट्रक्टरनं ढकलायचं नसतं, असा नियम. विमान त्याला घेऊन उतरलं.

आमची पलटण राखीव छत्रीधाऱ्यांची, म्हणजे पॅराशूटनं उड्या मारणाऱ्यांची. महायुद्ध संपल्यावर लढाईतल्या बऱ्याच हवाई तुकड्या मोडल्या, माणसं घरी गेली. पुढे त्यांतले काही जुने आणि बरेच नवे गोळा करून ही राखीव फौज उभी केली. वर्षभर शेती, मास्तरकी, दुकान; शिबिरापुरते शिपाई. कायम नोकरीतले फौजी आम्हाला 'रविवारचे छत्रीवाले' म्हणत. त्या साली शिबिर कामठ्याजवळच्या, युद्धात बांधलेल्या धावपट्टीवर होतं. तुलाराम तिथलाच धानाचा शेतकरी. त्यामुळे सगळं गाव बघायला आलेलं.

शिबिराचे प्रमुख मेजरसाहेब म्हणाले, "रिफ्यूजल मतलब घर. नाम काटो इसका."

"सर, अजून एक फेरी बाकी आहे. मी बोलून बघतो."

"बोलो. पर वह जाएगा घर ही."

तुलाराम विमानाच्या सावलीत मान खाली घालून बसला होता.

"काय रे, छत्रीवर भरवसा नाही? दोरी विमानातल्या तारेला अडकवलेली असते. तू बाहेर पडलास की छत्री आपोआप उघडते."

"ते मालूम आहे जी. मराचा भेव नाही. पण खाली सारा गाव पाहून राहिला. मी बोंबललो तं? जनमभर चिडवतीन."

मला हसू आवरेना. "अरे, विमानाच्या आवाजात कोणाला ऐकू जातंय? पोटभर बोंबल."

"खरं सांगून राहिले ना सायेब?"

दुसऱ्या फेरीत माझा "गो" पुरा व्हायच्या आत तो गेला. "माय वंऽऽ!" ही आरोळी इंजिनाच्या घरघरीतही मला ऐकू आली. पुढचं मला नंतर गावकऱ्यांनी सांगितलं. छत्री उघडली, विमान पुढे निघून गेलं आणि आभाळ एकदम शांत झालं. तुलारामचं ओरडणं मात्र थांबलं नव्हतं. खालच्या गावकऱ्यांना त्यातलं 'माय' तेवढं कळलं. शे-दोनशे गळ्यांतून उत्तर गेलं, "भारतमाता की जय!" तो जमिनीला टेकेपर्यंत हे चालू होतं.

टेकला तोही त्याच्याच बांधावर रचलेल्या धानाच्या पुंजण्यावर. पेंढ्या चौफेर उडाल्या. बायको धावत आली. हातपाय धड आहेत हे आधी चाचपून पाहिलं, मग म्हणाली, "काऊन जी, एवढ्या शिवारात दुसरी जागा नाही भेटली?"

मी उतरलो तेव्हा मेजरसाहेब वाट पाहत होते.

"वह चिल्ला क्या रहा था?"

"घोषणा होती, सर. इथल्या बोलीतली."

त्यांनी हातातली यादी मिटली. नाव काही कापलं नाही. शिबिर संपताना तुलारामच्या छातीवर छत्रीधाऱ्याचा पंखांचा बिल्ला लागला.

त्यानंतर दारात अडलेल्या माणसाला मी छत्रीबद्दल काही सांगत बसलो नाही. आधी एवढंच विचारायचो, "खाली ओळखीचं कोण उभं आहे?"