दोन बोटांनी बसेल ते हेड

आमच्या बालाघाटात 'मला माहीत नाही' असं सहसा कुणी म्हणत नाही. किरनापूरचा रस्ता विचारा, माणूस छातीठोकपणे तुम्हाला भरवेलीकडे लावून देईल. अशा गावात फिटरमामा मात्र शांतपणे सांगत, "मले नाही मालूम." आणि ज्या विषयात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, त्याच विषयात ते हे जास्तीत जास्त वेळा म्हणत.

तो विषय म्हणजे मॉडेल विमानांच्या जुन्या, अंगठ्याएवढ्या इंजिनांची हेड, म्हणजे सिलेंडरच्या तोंडावर आट्यांनी बसणारी झाकणं, ओळखणं. मामा भरवेलीच्या खाणीत फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी कॉलेजच्या पोरांना दोरीवर गोल फिरणारी विमानं उडवायला शिकवत. या इंजिनांत ठिणगीचा प्लग वेगळा नसतो, तापणारी तार हेडातच बसवलेली असते. तार जळली की अख्खं हेड बाद. दुसरं शोधावं तर सगळी सारखीच दिसतात, खूण एकावरही नसते, आणि प्रत्येकाचे आटे मात्र निराळे.

मामा आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पहिल्यांदा आले ते सकाळच्या गर्दीत, रांगेत उभे राहून. मी विचारलं, "नमुना आणला का?" त्यांनी खिशातून आगपेटी काढली. "नमुनाच हाय बेटा, पण रगताचा नाही." आत कापसात एक हेड होतं. तार तुटली आहे की नुसती काजळी धरली आहे, ते त्यांना माझ्या मायक्रोस्कोपखाली बघायचं होतं. मला हसू आलं, पण गर्दी सरल्यावर मी बाजूने टॉर्च धरून पाहिलं. केसाएवढी तार, सहा वेढे, शाबूत. मामांचा चेहरा मुलगी पास झाल्यासारखा फुलला.

मग ते दर शनिवारी दुपारी येऊ लागले. कुठून कुठून लोक त्यांना हेड पाठवत. मामा आधी वास घेत, स्पिरिटने पुसत, आटे मोजायच्या गेजला लावून बघत. आतला खळगा वाटीसारखा गोल की नरसाळ्यासारखा निमुळता, तेही बघत. नुसता फोटो पाठवणाऱ्याला उत्तर ठरलेलं: "फोटोत आटे नाही मोजता येत भाऊ." प्रत्येक हेडाची एक आगपेटी, आत चिठ्ठी. निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांवर 'माहीत नाही' लिहिलेलं. मी एकदा चिडवलं, "मामा, अंदाजाने तरी लिहा ना काही!" ते म्हणाले, "अंदाज केला का हात जोर लावते. जे दोन बोटांनी बसते तेच त्याचं."

त्यांचं स्वतःचंही एक इंजिन होतं, त्यांच्या पहिल्या विमानाचं. तार तापवायला कुणीतरी दीड व्होल्टच्या सेलऐवजी मोटारसायकलची बॅटरी जोडली आणि हेड जळलं. तेव्हापासून मामा त्याचं हेड शोधत होते. मरायच्या आधी एकदा ते वाजलेलं ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा. ते इंजिन माझ्या कपाटात ठेवायला दिलं होतं, घरी नातवंडं हात लावतात म्हणून.

एका शनिवारी मामा लग्नासाठी रामपायलीला गेलेले असताना लॅबवर त्यांचं पार्सल आलं. त्यातलं एक हेड बघून माझी खात्रीच पटली. तोच खळगा, तेवढीच उंची. आटे मी मोजले नाहीत. मामा आल्यावर चकित होतील, म्हणून मी ते इंजिनावर चढवलं. एक फेरा गेला आणि अडलं. जुना चिकटा असेल, असं मनाशी म्हणत मी पाना लावला. काहीतरी कचकन गेलं. सिलेंडर अ‍ॅल्युमिनियमचा, त्याचे आटे सोलून निघाले होते. भिंत इतकी पातळ की नवे पाडायला जागाच नाही.

सोमवारी मी सगळं सांगितलं. मामांनी इंजिन खिडकीच्या उजेडात धरलं आणि बराच वेळ बघितलं. "कडक गेलं ना? तवाच ते सांगून राह्यलं होतं. तू काहून नाही आयकलं?" एवढंच बोलून ते गेले. दोन शनिवार आले नाहीत. ते दिवस मला फार जड गेले. तिसऱ्या शनिवारी दारात उभे. आगपेटी पुढे करून म्हणाले, "हे पाय बरं, आटे मोज आधी." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी मान खाली घालून आटे मोजले.

आज मामा नाहीत आणि आगपेट्या माझ्याकडे आहेत. एखादी स्लाइड कळली नाही तर डॉक्टर फोनवर कितीही घाई करोत, मी नमुना पुन्हा मागवते किंवा नागपूरला पाठवते. हे मला कुठल्या डिप्लोमाने शिकवलं नाही. मी त्या माणसाची जन्माची ऋणी आहे.

पण खरं ऋण पुढचं आहे. मी आटे सोलले त्यानंतर वर्षभराने, मामा असतानाच, एका पार्सलमधून ते हेड निघालं, मामांच्या इंजिनाचं. जळक्या हेडाशेजारी धरून त्यांनी ते मोजलं, मलाही मोजायला लावलं. शंकेला जागा नव्हती. मला तोंड वर करवेना. मामांनी शांतपणे चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "आपल्याले हेड पाठवते ना तो कोल्हापूरचा मास्तर, त्याच्यापाशी असंच इंजिन हाय, हेडाबिगर. बांध पार्सल." ते पार्सल मी माझ्या हाताने बांधलं.

पंधरा दिवसांनी मास्तरांचा व्हिडिओ आला. मामांनी तो बघितलाच नाही, फोन कानाला लावला आणि डोळे मिटून घेतले. मग फोन माझ्या कानाला लावला. भुंग्यासारखा बारीक, तिखट आवाज होता.

"माह्यं बी असंच वाजे," ते म्हणाले.

मला हुंदका आवरेना. मामांनी समोरच्या बाकावर रिपोर्टसाठी बसलेल्या माणसाकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "डोळे पूस बेटा. पेशंटले वाटन, त्याचाच रिपोर्ट खराब आला."