दारातलं महायुद्ध

मी भाजी आणायला निघाले तरी हातात यादी असते. ही सवय शाळेपासूनची. पण दहावीला याच सवयीनं मला इतिहासात आपटलं. धड्याचे मुद्दे मी एकाखाली एक लिहून पाठ करायचे. मधला एक मुद्दा विसरला की त्याच्या खालचे सगळे त्याच्यामागोमाग निघून जायचे. सहामाहीला जेमतेम पास झाले.

आमच्या गावात शाळा दहावीपर्यंतच, कॉलेज थेट शिरूरला, न्हावरे गावावरून एसटीनं जायचं. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, निकाल आधीच देऊन टाकला होता.

"फर्स्ट क्लास आण, एसटीचा पास मी काढतो. न्हाई आला तर शिवणक्लास."

मला शिवणकामाचा राग नव्हता. पण मला शिरूरला जायचं होतं.

त्याच सुमारास इतिहासाचे सर पुण्याहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि त्यांनी फळ्यावर माइंड मॅप काढला. मधे गोल, त्यात धड्याचं नाव, चहूबाजूंना फाटे, प्रत्येक फाट्याला एक मुद्दा आणि शक्यतो रंगीत चित्र. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, कोळी काढलाय का?" सर हसले, पण मला मात्र तो कोळी आवडला.

माझ्याकडे रंगीत पेनं नव्हती, पण आईचा रांगोळीचा डबा होता. रोज सकाळी सडा घालून रांगोळी काढायचं काम मी मागून घेतलं. मधे धडा, भोवती मुद्दे. दुसऱ्या दिवशी सड्याखाली सगळं पुसलं जायचं आणि पुस्तक न बघता पुन्हा काढावं लागायचं. आईला कमळं हवी होती.

"आज काय काढलंस?"

"पहिलं महायुद्ध."

"लक्ष्मी यायच्या टायमाला दारात भांडणं नको गं!"

परीक्षा तोंडावर आली आणि भावकीतले एक आजोबा वारले. आम्हाला सुतक लागलं. सुतकात दारात रांगोळी काढत नाहीत. मी कागदावर काढून बघितलं, पण वहीच्या पानावर महायुद्ध मावेना. हाताला अंगणाची सवय झालेली.

शेवटी समोरच्या काकी मदतीला आल्या. त्यांची भावकी वेगळी, त्यांना सुतक नाही. आधी त्यांच्या घरात मेंढरं होती, आता शेती. रांगोळीचा मात्र त्यांना भारी शौक.

"तू तिकडूनच सांग, मी काढते," त्या म्हणाल्या.

मग मी आमच्या ओट्यावर उभी, काकी त्यांच्या अंगणात उकिडव्या बसलेल्या, आणि मधल्या रस्त्यावरून महायुद्धाची कारणं सगळ्या आळीला ऐकू जात असलेली.

"डावीकडं मुकुट काढा, साम्राज्यवाद! त्याच्या खाली बंदूक, शस्त्रस्पर्धा!"

काकींनी बंदूक काढली. ती फवारणीच्या पंपासारखी दिसत होती.

"ह्यो झेंडा कशाला?"

"जो तो म्हणतोय माझाच देश मोठा."

"आन् ही माणसं?"

"गट पाडलेत. आणि ही तलवार म्हणजे युवराजाचा खून."

काकी उठल्या, दोन पावलं मागं सरल्या, कमरेवर हात ठेवून बघू लागल्या.

"पोरी, हिकडं तीन फाटे आन् तिकडं दोनच? वंगाळ दिसतंय. अजून एक सांग."

"पाचच कारणं आहेत, काकी."

"आसं कसं आसंल? सहावं बघ. न्हाईतर मी मोर काढते."

महायुद्धाला मोर चालणार नव्हता. मी घरात पळाले, धडा काढला. कारणं खरंच सहा होती. देशांमधले वाद मिटवणारी संघटनाच तेव्हा नव्हती, हे मी रोज गाळत होते. रोजची रांगोळी वाकडी दिसायची, पण मला वाटायचं, माझा हातच वाकडा.

"काकी, भांडण मिटवायला पंच नव्हते!"

"पंच न्हाईत व्हय? मग व्हणारच की युद्ध. पण जे न्हाईत ते काढू कसं?"

"नुसता गोल काढा. रिकामा."

काकींनी रिकामा गोल काढला आणि समाधानानं हात झटकले.

पेपरात प्रश्न आला, पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा. मी डोळे मिटले. काकींचं अंगण दिसलं, फवारणीचा पंप दिसला, आणि तीन-तीन फाटे पुरे होईपर्यंत पेन थांबलं नाही. मग बाकीच्या धड्यांचीही अंगणं एकेक करून उघडली.

जूनमध्ये निकाल लागला. फर्स्ट क्लास. आप्पा गुणपत्रिका वाचता वाचताच म्हणाले, "फोटो काढून घे, पासाला लागंल." शिवणक्लासचं नाव पुन्हा निघालं नाही.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी कॉलेजहून एसटीनं आले तर काकींच्या दारात तेच महायुद्ध, चहूबाजूंनी पणत्या लावलेलं. दौंडहून आलेली त्यांची नणंद वाकून नक्षी कागदावर उतरवून घेत होती.

"वैनी, ह्यो एक गोल मोकळा राह्यलाय. रंग भरू का?"

"हात लावू नको," काकी म्हणाल्या. "पंच अजून यायचेत."