नलूची रांग

नलू गेल्याचा फोन तिच्या भावाने पुण्याहून केला, तेव्हा मी बहरीनमधल्या हिद्द गावी आमच्या आरोग्य केंद्रात पेशंट तपासत होते. माझी मैत्रीण, याच केंद्रातली डॉक्टर नलिनी, सुट्टीवर गेली होती... झोपेतच हृदय थांबलं. फोन ठेवून बाहेर पाहिलं, तर तिच्या बंद दारापुढे बायका येऊन बसल्या होत्या. माझ्या दारापुढे कुणीच नव्हतं. त्याही क्षणी मला ते खुपलं.

पुण्यात आम्ही एकाच वर्गात शिकलो. मी लग्न करून बहरीनला आले आणि ती गेली कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटावर. तिथे जुने ताप, जुलाब ओसरले होते आणि घरोघर साखर, ब्लडप्रेशर शिरलं होतं. ऐन उमेदीतल्या माणसांचे पाय कापावे लागत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती इथे आली आणि आल्याआल्याच म्हणाली, “अगं, हे तर तेच बेट! फक्त उसाच्या जागी खजूर.” इतकी वर्षं इथे काढून मला हे सुचलं नव्हतं.

दापोलीकडचे इब्राहिमचाचा शेजारच्या मुहर्रक गावात शिवणकाम करायचे. ते माझे जुने पेशंट. “गोड बंद करा” म्हटलं की “होय बाय, इंशाल्ला” म्हणायचे, पण साखर हटत नव्हती. मी रजेवर असताना त्यांच्या पायाची जखम चिघळली. अंगठा काढावा लागेल, असं सर्जन म्हणाले. चाचा घाबरून नलूकडे गेले. मी परतले तेव्हा जखम भरत आली होती आणि चाचा तिच्या रांगेत होते. मला पाहून ओशाळले. “बाय, त्या आमच्या रूमवर आल्या. आमच्यात बसून जेवल्या.”

“मी सांगितलं नाही असं काय सांगितलंस गं त्यांना?” मी तिला विचारलं.

“काही नाही. स्वयंपाक कोण करतं, ते विचारलं आणि त्या माणसाशी बोलले. सगळी रूम एका पातेल्यातला भात खाते, चाचा एकटे काय सोडणार? हे मला त्या बेटावरच्या बायकांनी शिकवलं.”

माझी मुलगी मला इंग्रजीत उत्तरं द्यायची. नलूमावशीशी मात्र मोडकंतोडकं का होईना, मराठीत बोलायची... तेही मी गिळलं. शोकसभेला चाचा चालत आले आणि लहान मुलासारखे रडले. माझ्यासाठी असं कोण रडेल, एवढंच माझ्या मनात आलं.

आता तिची खोली मला दिली आहे. टेबल तिने भिंतीला लावलेलं, पेशंटची खुर्ची डॉक्टरच्या अगदी शेजारी. पहिल्याच दिवशी मी टेबल मध्ये ओढून घेतलं. काल एक म्हातारी बहरीनी बाई आली. तिने टेबलाला वळसा घातला, खुर्ची ओढत आणली आणि गुडघ्याला गुडघा लावून माझ्याजवळ बसली. माझ्याकडे न बघता दाराकडे बघत तिने विचारलं, “ती कधी येणार?”

“खलास,” मी अरबीत म्हटलं.

तिने माझा हात धरला... आणि तो नलूसाठी धरलाय, हे मला पक्कं ठाऊक होतं.