पत्र आलं नाही, एवढंच

खेड्यात तर्कशास्त्र शिकवायला बसलं की किस्से आपोआप साठतात. मी मुद्दाम एकही गोळा केलेला नाही. ज्यांच्याबरोबर ते घडले त्यांतलं आता कुणी नाही, म्हणून तुम्हाला गाठलंय.

सांगलीला इंटरला लॉजिक घेतलं होतं. कॉलेज अर्धवट सुटलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कुंडलजवळच्या एका गावात मास्तर झालो. तिथं माझं कुणी नव्हतं. शाळा सुटली की ओसरी खायला उठायची. म्हणून मोठ्यांसाठी वर्ग काढला, 'विचार कसा करावा'.

तिघं आले. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, मेंढरं राखणारा बिरा आणि गणपतनाना. नानांची बायको वारलेली. एकुलता एक मारुती ब्रह्मदेशात लढाईवर, आणि अकरा महिने त्याचं पत्र नाही. पहिल्याच दिवशी नानांनी विचारलं, "मास्तर, पोरगं हाय का न्हाई, हे तुमच्या इद्येनं कळतंय का?"

"बघू," मी म्हणालो. उगाच म्हणालो.

\*

पहिला धडा पुस्तकातलाच घेतला. "सगळी माणसं मरतात. बिरा माणूस आहे. म्हणून बिरा मरणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिराची आई शाळेच्या दारात! "आवं मास्तर, माज्या ल्योकाला मरनार म्हनलासा? काय वाकडं केलंय त्यानं तुमचं?"

मनात काही वाकडं नाही हे पटवायला तिच्या घरी जाऊन तिच्या हातचं दूध पिऊन आलो, तेव्हा कुठं ती शांत झाली. मग माणसं सोडून कावळ्यांवर आलो. "सगळे कावळे काळे असतात."

"पयल्या लढाईत बसऱ्याला म्या करडा कावळा बघितलाय!" सुभेदार गरजले. धडा तिथंच संपला.

\*

बिरा म्हणायचा, मेंढरं दाटीनं बसली की पाऊस येतो.

"मग बसीव की रं दाटीनं!" सुभेदारांनी हुकूम सोडला. त्या साली पावसानं ओढ दिली होती. बिरानं खरंच तीन दिवस मेंढरं एवढ्याशा मेंढवाड्यात कोंबली. मी घसा फोडून सांगितलं, "अरे, पाऊस येणार म्हणून ती दाटतात. ती दाटली म्हणून पाऊस येत नाही!"

चौथ्या दिवशी धो धो पडला. त्यानंतर कार्यकारणभाव या विषयावर बिरानं माझं काही ऐकून घेतलं नाही.

\*

सुभेदारांचा प्रत्येक वाद एकाच जागी संपायचा. "सायब म्हनला व्हता!"

"मोठा माणूस म्हणाला म्हणून खरं मानायचं, हा दोष आहे, सुभेदार."

"असू द्या. दोष हाय, पर पलटनीतला हाय!"

\*

नाना मात्र फक्त ऐकायचे. एकदा म्हणाले, "गाव म्हनतंय, पत्र न्हाई म्हंजी पोरगं गेलं."

"पत्र आलं नाही, एवढंच त्यातून कळतं. पुढचं काहीच सिद्ध होत नाही."

"लय ब्येस!" नाना म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

मग रोज बाकीचे उठले तरी नाना बसून राहायचे. "मास्तर, ते पुन्यांदा सांगा." मी सांगायचो. मग ते फडक्यातली भाकरी सोडायचे आणि आम्ही दोघं जेवायचो. खरं सांगतो, दिवसभर मी त्या भाकरीची वाट बघायचो. त्या वाक्यावर माझाच विश्वास नसायचा असे कितीतरी दिवस गेले, तरी सांगत राहिलो.

\*

आणि मग फौजेचा कागद आला, इंग्रजीतला. वर्ग भरलेला होता. नानांनी तो माझ्या हातात दिला.

मी वाचून मराठीत सांगितलं. "मारुती बेपत्ता आहे. तो मरण पावला असं गृहीत धरण्यात येत आहे."

सुभेदारांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. बिरा खाली बघत राहिला.

"गृहीत म्हंजी?" नानांनी विचारलं.

"म्हणजे... तसं धरून चालायचं."

"कुनी बघितलंय त्याला पडल्यालं?"

"तसं लिहिलेलं नाही."

नानांनी कागद परत घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "दौत घ्या. सायबाला लिवा, तुमी एक धरलंय, आमी दुसरं धरतोय. त्यो हाय, असं आमी धरतोय."

मी इंग्रजीत लिहिलं. नानांनी अंगठा उठवला आणि कागद माझ्यापुढं सरकवला. "हितं साक्षीदार म्हनून तुमी सही करा."

"कशाचा साक्षीदार, नाना? मी काय बघितलंय?"

"बघायचं न्हाई, मास्तर. असं धरनारा म्या एकटाच न्हाई, एवढ्याचीच साक्ष."

मी सही केली.