बस्ता आणि चार खुर्च्या

सून पुण्यात कपड्यांचं डिझाइन शिकलेली. "एक हंगाम दुकान माझ्या हातात द्या," म्हणाली. इंदापुरातलं आमचं साड्यांचं दुकान मी दिलं. तिनं भिंतभर आरसा लावला, साड्या हँगरवर टांगल्या, दिवे पिवळे केले आणि गिऱ्हाइकांच्या बसायच्या गाद्या विकून टाकायला सांगितल्या. मी हो म्हणाले आणि त्या माळ्यावर चढवल्या.

पेठेला विषय मिळाला. समोरचा चहावाला म्हणाला, "वैनी, पार्लर टाकलं का काय?" कॉलेजच्या पोरी आरशात फोटो काढायच्या आणि रिकाम्या हातानं जायच्या. जुनी गिऱ्हाइकं दारातूनच डोकावत. एकीनं विचारलं, "दुकान विकलं म्हणत्यात, व्हय?" मी दिवसभर गल्ल्यापासून दारापर्यंत, दारापासून गल्ल्यापर्यंत.

आमचं ठरलं होतं. लगीनसराईतला पहिला बस्ता हातचा गेला तर दुकान पुन्हा पहिल्यासारखं, आणि ती पुण्याला नोकरीवर. मुलगाही तिच्यामागं जाणार, हे बोलायची गरज नव्हती. तोवर मी मध्ये तोंड घालायचं नाही.

बस्ता आला उजनीकाठच्या एका गावातून. लग्नाचे कपडे दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून घ्यायचे, ही आमच्याकडची रीत. जीपभर माणसं उतरली. नवरीच्या आजोबांनी सवयीनं दारात चपला काढल्या आणि आत येऊन घुटमळले.

"बसायचं कुठं?"

"खुर्च्या आहेत ना, आबा," सून म्हणाली. खुर्च्या चारच. त्यावर नवऱ्याकडचे बसले. मुलीकडचे उभे राहिले.

गादीवर सगळे एका पातळीत असतात. मला पुढचं दिसलंच. नवरीची आत्या सुरू झाली, "आमी काय वाढपी हाय का, उभं राहायला?"

"बसा की. कुणी धरलंय?" नवरदेवाची आई खुर्चीतूनच म्हणाली.

"कशावर? तुमच्या मांडीवर?"

नवरी रडवेली झाली. आत्या दाराकडं वळली. माळ्याकडं गेलेली नजर मी मागं घेतली. काय चुकलं ते सुनेला कळलं नव्हतं, पण तोंडं दिसत होती. तिनं ट्रायल रूमचा पडदा ओढून काढला, फरशीवर अंथरला, हँगरवरच्या साड्या कवेत आणून त्यावर टाकल्या आणि जीन्समध्येच मांडी घालून आधी स्वतः बसली. "आत्या, या इथं."

आत्या बसली. आबाही बसले. आता तर जास्तच बिघडलं. मुलीकडचे खाली, व्याही वर. आबांनी मान वर केली.

"व्याहीबुवा, तितनं काठ दिसायचा न्हाय. खाली या. उद्या म्हणाल, आमाला दाखवलंच न्हाय."

व्याही हसत खाली उतरले, मागोमाग बाकीचे दोघंही. मग विहीणबाईंना एकटीला वर बसवेना.

बस्ता झाला. सुनेच्या फिक्या गुलाबी साड्या आत्याला "धुऊन धुऊन विटल्यागत" वाटल्या. नवरीनं त्यातलीच एक उचलली.

जीप गेल्यावर सून पडदा झटकत होती. "आई, गाद्या खरंच विकल्या?"

"माळ्यावर आहेत."

तिनं माझ्याकडं पाहिलं, पण भांडली नाही. "उद्या काढू. फक्त खोळी पांढऱ्या नकोत."

"पांढऱ्यावरच साडीचा रंग खरा कळतो."

"किती जुनाट दिसतं ते!"

"आणि तुझ्या पिवळ्या दिव्यांत कुठला रंग कळतो गं?"

शटर ओढेपर्यंत खोळींचा रंग ठरला नव्हता.