आत कोण हाय?

निपाणीत भरमाण्णांच्या दुकानात बिघडलेली वस्तू घेऊन गेलं, की ते आधी वस्तूला हात लावत नसत. काय झालंय, पडला का, पाण्यात गेला का, हे सगळं मागाहून. पहिला प्रश्न ठरलेला असे : "आत कोण हाय?" नवखा माणूस गोंधळायचा. मग भरमाण्णा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "अवो, कुणाचं फोटू, कुणाचा आवाज, काय तर असंल की. मोकळी पेटी कोण दुरुस्तीला आणत न्हाय." मग तो माणूस जरा लाजत सांगे, की नातवाचं बारसं आहे, किंवा वारलेल्या भावाचे फोटो आहेत. ते उत्तर भरमाण्णा पुठ्ठ्यावर लिहून घेत.

हा पुठ्ठा म्हणजे त्यांची खास पद्धत. बुटाच्या खोक्याचा तुकडा घ्यायचा, त्यावर टॅब नाहीतर मोबाइल ठेवून पेन्सिलीनं कडेकडेनं आखायचं, आणि जिथला स्क्रू निघेल तिथेच सुईनं भोक पाडून तो खोचायचा. काम संपलं की स्क्रू परत जागेवर आणि पुठ्ठा कपाटावर. काचेचा डिंक सुटावा म्हणून ते तव्यावर मीठ गरम करून त्याची पुरचुंडी कडांवर फिरवत, आपण कानदुखीला शेकतो तशी. आणि या सगळ्या वेळात तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. "माझ्या श्वासानं स्क्रू उडतोय बाई, आणि एकदा उडाला की तो देवाचा," असं म्हणत. तरुणपणी रेडिओ, मग घड्याळं, मग मोबाइल असं करत ते इथवर आले होते. घरची चार एकर शेती भावाकडे. जैन माणूस, सूर्य मावळायच्या आत जेवायचं, म्हणून साडेपाचला दुकानाची फळी लागलीच. मग बाहेर कलेक्टर उभा असला तरी.

मी मराठी शाळेतली बाई. घाईची आणि तोंडानं फटकळ. हे मीच सांगते, म्हणजे दुसऱ्याला कष्ट नकोत. माझे आप्पा जन्मभर तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. त्यांनी वखारीच्या दारात हाक मारली की मागच्या गल्लीतली बाई वळून बघायची. गळ्याचा कॅन्सर निघाला, डॉक्टर म्हणाले स्वरयंत्र काढावं लागेल. तेव्हा दवाखान्यातल्या एका नर्सनं सुचवलं, की आत्ताच त्यांची रोजची वाक्यं भरून ठेवा. ऑपरेशनच्या आधी आठ दिवस मी आणि आप्पा टॅब पुढ्यात घेऊन बसलो आणि बावन्न वाक्यं भरली. प्रत्येक वाक्याला एक चित्र. कपाच्या चित्रावर बोट ठेवलं की "चहा टाक." पंख्याच्या चित्रावर "ह्यो बंद कर, गारठलो." आणि मी शाळेतून आले की दाराच्या चित्रावर बोट. "आलीस का गं आक्का?"

तीन वर्षं आमच्या घरात आप्पांचा आवाज असा होता. हे ऐकायला छान वाटतं. पण तीच बावन्न वाक्यं, त्याच चढउताराची, दिवसातून पन्नास वेळा ऐकली की माणूस विटतो. मी विटले होते. आता आणखी वाक्यं भरता येणार नव्हती, आणि होती त्यांची प्रत काढून ठेवायची हे मी दर रविवारी ठरवत होते. तो रविवार काही आला नाही.

मग एक दिवस टॅबची काच एका बाजूनं उचलली. आतली बॅटरी टम्म फुगली होती. चालू केलं की कंपनीचं नाव येई आणि परत अंधार. मला त्या दिवशी चिकोडीला मीटिंग होती, अकराची बस. आप्पा टॅब छातीशी धरून माझ्याबरोबर आले. मी तो त्यांच्या हातातून घेऊन भरमाण्णांसमोर ठेवला. आप्पा मागच्या बाकावर बसले.

"आत कोण हाय, बाई?"

"कोण न्हाय हो अण्णा. नुसता टॅब हाय. बॅटरी फुगलीय ती बदला, मला बस गाठायचीय."

मागे बाकावर दोनदा थाप पडली. मी वळलेसुद्धा नाही. "आप्पा, बसा जरा निवांत. झालंच." पुन्हा दोनदा थाप पडली, आधीपेक्षा जोरात. मला वाटलं, कंटाळले. भरमाण्णांची पेन्सिल क्षणभर थांबली, मग त्यांनी पुठ्ठ्यावर माझं उत्तर लिहिलं : कोण न्हाय. मी आप्पांच्या दंडाला धरून त्यांना रिक्षात बसवलं आणि बस पकडली. त्यांना बोलायचं होतं. ज्यानं बोलायचं, तो टॅब भरमाण्णांच्या पुढ्यात पालथा पडला होता.

संध्याकाळी पाचला आले तर टॅब तयार. "नवी बॅटरी घातली तरी नावावरच अडकत हुता," भरमाण्णा खुशीत म्हणाले. "आत कोण न्हाय म्हणालासा, म्हणून समदं पुसून नव्यानं चालू केला. आता पळतोय बघा." घरी आल्यावर आप्पांनी तो मांडीवर घेतला. कोऱ्या निळ्या पडद्यावर ते बोट फिरवत राहिले. कप नाही, पंखा नाही, दार नाही. मग त्यांनी टॅब उलटा केला आणि मागची बाजू बघितली. तेवढं मला आजही सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन आधी भांडले. अर्धं भांडण झाल्यावर माझं मलाच आठवलं, की यांनी विचारलं होतं. मग मी खाली बसले आणि बावन्न वाक्यांचं सगळं सांगितलं. भरमाण्णांनी तोंडावरचं फडकं सोडलं, दुकान बंद केलं आणि टॅब घेऊन बेळगावला एका जाणत्या माणसाकडे गेले. पुढच्या आठवड्यात परत गेले. दुसऱ्या खेपेहून आले ते सरळ आमच्या शाळेत.

"गेलं ते गेलं, बाई. नुसतं दार लागलं असतं तर उघडलं असतं. मी घरच पाडून ठेवलंय."

"चूक माझी आहे, अण्णा. तुम्ही विचारलं होतं."

"इचारलं की. पर बाकावर थाप पडली ती मला ऐकू आलती. मी मान वर केली न्हाय. माणूस बोलत हुता आणि मी स्क्रू बघत बसलो. दोनदा इचारायला पायजे हुतं."

त्यानंतर त्यांनी बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, देवासमोर नियम घेतला. दुकान उघडल्यापासून दुपारी बारा वाजेपर्यंत मौन, आयुष्यभरासाठी. त्यांच्यात असे नियम घेतात. कुणी गोड सोडतं, कुणी मीठ. मला कळल्यावर मी तणतणत गेले. बारा वाजायची वाट बघत उभी राहिले आणि म्हणाले, "तुमच्या मौनानं आमच्या आप्पांचा आवाज परत येणार आहे का?"

"न्हाय येत. पर माझी बडबड तर कमी हुईल? घरात समद्यांस्नी बरं वाटलंय."

असल्या माणसाशी काय भांडणार? मी माझी चूक त्यांच्या डोक्यावरून उतरवायला गेले होते, ती त्यांनी खाली ठेवूच दिली नाही. आणि आप्पांनी तर मला रागवायचीही सोय ठेवली नाही. मी त्यांना पाटी-पेन्सिल आणून दिली होती. आज लिहितील, उद्या लिहितील म्हणून मी धास्तावून पाटीकडे बघायची. पाटीवर असायचं, "आमटीत मीठ कमी."

आप्पा मग रोज दहाला भरमाण्णांच्या दुकानात जाऊन बसू लागले. एकाला बोलता येत नव्हतं, दुसरा बोलत नव्हता. गिऱ्हाईक आलं की भरमाण्णा भिंतीवर खडूनं लिहिलेल्या प्रश्नाकडे बोट दाखवत. लोक घाईत असत. "काय न्हाय, नुसता फोन हाय," म्हणत. की आप्पांची बाकावर दोनदा थाप. एकदा मी तिथं असताना एक शेतकरी असाच "काय न्हाय" म्हणाला. थाप पडल्यावर तो दचकला. मग म्हणाला, "पोरीचं मेसेज हाईत. ती न्हाय आता." भरमाण्णांनी ते सावकाश पुठ्ठ्यावर लिहिलं. मी छत्री उचलून बाहेर पडले.

यंदा दिवाळीनंतर भरमाण्णा गेले. चार दिवस ताप आला आणि गेले, कुणाला काही करता आलं नाही. पंधरा दिवसांनी चिकोडीला दिलेली त्यांची मुलगी पद्मा दुकान रिकामं करायला आली. मी आप्पांना घेऊन गेले. ते नेहमीच्या बाकावर बसले. पद्मानं कपाटावरून पुठ्ठ्यांचा भलामोठा गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि मला विचारलं, "आक्का, रद्दीत घालू? ह्यात तुमचं काय हाय का?"

"न्हाय गं, काय न्हाय," मी म्हणाले. मला शाळा गाठायची होती.

मागे बाकावर दोनदा थाप पडली.

मी पर्स खाली ठेवली. पद्माच्या हातून गठ्ठा घेतला आणि जमिनीवर बसून एकेक पुठ्ठा बघायला लागले. आमचा बराच खाली होता. पेन्सिलीनं आखलेला टॅब, कडेनं सुईची भोकं, आणि मधे भरमाण्णांच्या अक्षरात माझं उत्तर : कोण न्हाय.

आप्पांनी हात पुढे केला. मी पुठ्ठा दिला. त्यांनी पद्माकडून भरमाण्णांची पेन्सिल खुणेनं मागून घेतली, पुठ्ठा गुडघ्यावर टेकवून खाली दोन शब्द लिहिले आणि तो मला परत दिला.

मी हुतो.