मामाजींचा विम्याचा महिना

विमा कंपन्यांना कंटाळलेली माणसं घरोघरी सापडतात. पण ज्याला विमा कंपन्याच कंटाळल्या असा माणूस आमच्या अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. पांढुर्णा जिल्हा आमचा नवा, त्यात लहान, तेव्हा हा मान काही फार मोठा नाही असं कोणी म्हणेल. पण मी म्हणतो, इंदूर-भोपाळ धरलं तरी मामाजींच्या तोडीचा गडी मिळायचा नाही. जन्मभर सौंसरच्या मराठी शाळेत गणित शिकवलेला माणूस निवृत्त झाल्यावर भजनात रमतो, संत्र्याच्या बगीच्यात रमतो, गेलाबाजार पतसंस्थेच्या निवडणुकीत तरी रमतो. मामाजी रमले ते गाडीच्या विम्यात.

गाडी पांढरी, लहान, आता चौदा वर्षांची. मामींना दर शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला नेता यावं म्हणून घेतलेली. मामींना जाऊन चार वर्षं झाली. एकुलता मुलगा हैदराबादला. तो रविवारी फोन करतो, जेवण झालं का आणि गोळी घेतली का हे दोन प्रश्न विचारतो, आणि दोन्हींची उत्तरं 'हो' आली की बिचारा निर्धास्त होऊन ठेवतो. गाडी टिनाच्या शेडखाली उभी असते. मामाजी ती रोज पुसतात, शनिवारी सकाळी दहा मिनिटं नुसती चालू करून ठेवतात आणि बंद करतात. जामसांवलीला एकटे जात नाहीत. "बाजूची सीट रिकामी असली का गाडी एका अंगानं हलकी लागते," असं कारण सांगतात. मुलाने एकदा गाडी विकून टाका म्हटलं, तर म्हणाले, "विकली तं मंग विमा कायचा काढू?" मुलगा इंजिनिअर, त्याने पुन्हा विषय काढला नाही. मी तो काढण्याचा प्रश्नच नाही. मी तहसील कचेरीतला बाबू.

आता एवढ्याशा, जागची न हलणाऱ्या गाडीचा विमा काढायला किती वेळ लागावा? मामाजींना एक महिना लागत असे. मुदत संपायच्या महिनाभर आधी, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास, कंपन्यांचे फोन सुरू होत, आणि मामाजींच्या घरात सण लागल्यासारखं होई. रविवार सोडला तर अकरा महिने फोन मुका. बाराव्यात तो बोलू लागे. सकाळी दहाच्या आत अंघोळ, पूजा, वरण-भात आटोपून ते सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, खुर्ची टाकत. बाजूला पाण्याचा तांब्या, चार्जरला लावलेला मोबाइल, आणि मांडीवर शाळेतून निवृत्तीच्या वेळी आठवण म्हणून आणलेलं हजेरीचं रजिस्टर. त्यात फोन करणाऱ्यांची नावं ओळीने लिहिलेली: इंदूरची मुलगी, नोएडाचा मुलगा, जयपूरचा जरा तुसडा. ज्याचा फोन आला त्याच्यापुढे 'ह', ज्याचा नाही आला त्याच्यापुढे 'ग'. दोन दिवस लागोपाठ 'ग' लागला की मामाजी अस्वस्थ होत. "नोएडावाल्याची तब्येत बरी नाही वाटते. परवा खोकून राहिला होता."

भांडण मात्र ते जीव ओतून करत. भांडायला मुद्दाही भक्कम होता. एका पैशाची भरपाई कधी मागितली नाही, गाडी शेडबाहेर निघत नाही, कंपनी दरवर्षी गाडीची किंमत आदल्या वर्षीपेक्षा कमी धरते, आणि हप्ता तेवढा वाढतो. "म्हैस म्हातारी झाली म्हणून दुधाचा भाव वाढवता काय तुम्ही?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. तो ते हिंदीतून विचारत, आणि मामाजींची हिंदी म्हणजे सौंसरच्या मराठीला नुसती टोपी घातलेली. "मॅडम, भैस म्हातारी हुई तो दूध महाग होता क्या?" पलीकडची मॅडम बहुधा म्हणत असावी, सर, ये कार का डिपार्टमेंट है.

एका वर्षी एका बाईंनी फार उत्साहाने सांगितलं की आमच्या पॉलिसीत सगळं येतं. सगळं, हा शब्द गणिताच्या मास्तरासमोर वापरू नये. आमच्या पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दोन बाजूंची माणसं एकमेकांवर गोटे फेकतात, हे मामाजींनी त्यांना समजावून सांगितलं आणि विचारलं, "उस दिन गाडी मेरे जवाई के घर के सामने खडी रही, और गोटा आके काच फूटा, तो मिलेगा क्या?"

"सर, वहाँ दंगा होता है?"

"दंगा नहीं मॅडम, रिवाज है."

"पुलिस नहीं रोकती?"

"वो भी रहती है ना. हेल्मेट पहन के."

बाईंनी त्यांना थांबायला सांगून वरिष्ठांना विचारलं. वीस मिनिटं फोनवर संगीत वाजत होतं, मामाजी डोळे मिटून ते ऐकत होते. मग बाई परत आल्या आणि हताशपणे म्हणाल्या, "सर, सिस्टम में दंगे का कॉलम है, रिवाज का नहीं है." मामाजींनी तो विमा घेतला नाही. पण बाईंचं नाव रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलं. प्रामाणिक विद्यार्थ्यांची नावं ते पूर्वी तशीच लिहीत.

असं करत सात वर्षांत त्यांनी सात कंपन्या बदलल्या. "बायको एक केली, कंपन्या सात केल्या," हे ते मामींच्या फोटोकडे पाहून जरा दबकतच म्हणत. कंपनी बदलण्याचं शास्त्र त्यांना मुखोद्गत होतं. वर्षभर भरपाई न मागितल्याची जी सूट मिळते ती गाडीची नव्हे, मालकाची असते. मालक गेला त्या कंपनीत त्याच्या मागोमाग येते. हे ते इतक्या कौतुकाने सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात अजून कोणीतरी मागोमाग येणारं आहे. निर्णय मात्र नेहमी शेवटच्या दिवशी, दुपारी चारनंतर. तोवर सगळ्यांना एकच उत्तर: "देख के राहिला हूँ बेटा, कल फोन करना."

आणि अशा माणसाचं भलं करायचं माझ्या मनात आलं.

मागच्या वर्षाची गोष्ट. आम्ही दोघं एका लग्नासाठी सौंसरला गेलो होतो, जाताना मामाजींकडे टेकलो. मामाजी फोनवर होते. अर्धा तास झाला, पाऊण झाला. हप्ता त्या वर्षी फारच वाढवून सांगत होते म्हणे, आणि मामाजींचा आवाज टिपेला गेला होता. ही मला कोपराने ढोसून म्हणाली, "अहो, मामाचं थे विम्याचं एकदाचं करून द्या ना. म्हातारा माणूस दिवसभर भांडून राहिला. बीपी आहे त्याले."

मला नुकतीच माझ्या मुलाने मोबाइलवर सगळ्या कंपन्यांचे दर एका ठिकाणी पाहायची युक्ती शिकवली होती. पन्नाशीतल्या माणसाला मोबाइलमधली एक गोष्ट येऊ लागली की तो ती लोकांवर करून पाहिल्याशिवाय राहत नाही. मामाजी फोन ठेवून चहा टाकायला आत गेले तेवढ्यात मी टेबलावरची जुनी पॉलिसी उचलली, गाडीचा नंबर टाकला, माझाच मोबाइल नंबर टाकला, सूट शाबूत राहील अशी एक स्वस्त कंपनी निवडली, आणि चहाला उकळी फुटायच्या आत मामाजींना आठवी कंपनी करून दिली. माझ्या आयुष्यात सरकारी किंवा खाजगी कोणतंही काम एवढ्या लवकर झालेलं मला आठवत नाही.

मामाजी कप घेऊन आले. मी मोबाइलचा पडदा त्यांच्यापुढे धरला.

"झालं, मामाजी!"

"काय झालं?"

"विमा. मागच्या वर्षीपेक्षाही कमीत."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत पाहिलं. "पूर्ण झाला?"

"पूर्ण."

"म्हणजे आता काही करा लागत नाही?"

"काहीच नाही. आता वर्षभर निवांत."

"अच्छा." मामाजी खुर्चीवर बसले. लगेच उठून आत गेले आणि पैसे आणून माझ्या हातात कोंबले, कारण उधारी त्यांना चालत नाही. मग चहाचा एक घोट घेऊन म्हणाले, "अजून सव्वीस दिवस होते."

मला ती शाबासकी वाटली. मी लग्नात तीन माणसांना ही हकीकत सांगितली.

नंतर संक्रांतीचा तिळगूळ द्यायला आम्ही गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. खुर्ची सपरीत होती, तांब्या होता, मामाजी होते. फोन खिशात होता. ही आत चहा करायला गेली आणि मी सहज म्हणून रजिस्टर उचललं. पहिले काही दिवस 'ह' होते. मग एका दिवसापासून खालपर्यंत, सगळ्या नावांपुढे, मास्तरी अक्षरात, 'ग', 'ग', 'ग'.

"फोन येत नाहीत का आता?" मी विचारलं. प्रश्न विचारून झाल्यावर काही माणसांना अक्कल येते. मी त्यांतला.

"आलते ना दोन-तीन दिवस," मामाजी म्हणाले. "मी सांगतलं, हो गया बेटा. मंग थे ठेवून देत."

आतून ही ओरडली, "मामा, नाही झाला म्हणून सांगायचं ना!"

"असं कसं? झाला तं झाला. खोटं कायले बोलू?" मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून मला बरं वाटावं म्हणून, म्हणाले, "इंदूरवाली पोरगी विचारत होती, अंकल, किसने करवा दिया? मी म्हटलं, जवाईनं. तं म्हणे, बहुत अच्छे दामाद हैं."

मी तिळगुळाचा लाडू तोंडात टाकला, तो बराच वेळ विरघळला नाही. रजिस्टरची पानं मागे उलटली. सात वर्षांची नावं. इंदूर, नोएडा, जयपूर, एक तर पार कोलकात्याचा. मी माझं नाव शोधत होतो. हिचं होतं, दोन-चारदा. माझं कुठेच नव्हतं; आणि जो कधी फोनच करत नाही, त्याची गैरहजेरी तरी कुठल्या ओळीत लावणार?

प्रायश्चित्त म्हणून मी बरंच काही करून पाहिलं. त्या कंपनीला फोन करून पॉलिसी रद्द होईल का विचारलं. पलीकडून कारण विचारलं. "फार लवकर झाली," एवढंच मला सुचलं. मामाजींना कळलं तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या जवाईबुवा. चांगली आहे कंपनी. एक डाव बी फोन करत नाही." मग मी आरोग्यविम्याचा पर्याय काढला, त्यांचे लोक तर वर्षभर फोन करतात. मामाजींनी मान हलवली. "नको. थे लोक पहिलेच आपलं वय विचारतात. गाडीवाले गाडीचं वय विचारतात."

ते वर्ष कसंबसं सरलं. मामाजी थोडे वाळले असं हिला वाटलं. मला तर ते बोलायचेच कमी झाल्यासारखे वाटले, पण ते ठरवायला मी आधी किती बोललो होतो, हाही प्रश्नच.

आणि यंदाच्या मार्गशीर्षात, कचेरीत ऐन दुपारी, माझा फोन वाजला. "सर, आपकी गाड़ी का इंश्योरेंस एक्सपायर होने वाला है." मी खेकसून ठेवला. पाच मिनिटांनी दुसरा. मग तिसरा. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. चौथ्याला मी विचारलं, बाबा रे, कोणती गाडी? माझ्याकडे तर स्कूटर आहे. त्याने नंबर वाचून दाखवला आणि मी खुर्चीतून उठून व्हरांड्यात आलो. गेल्या वर्षी तो विमा करताना घाईघाईत टाकलेला मोबाइल नंबर माझा होता! मामाजींचा सगळा सण माझ्या दारात येऊन उभा होता आणि मी त्याला हाकलत होतो.

"देखिए," मी त्याला म्हणालो, "गाड़ी मेरे मामा-ससुर की है. उनका नंबर लिखो. दस बजे के बाद करना. और जरा टाइम लेके करना."

"सर, वो पॉलिसी लेंगे ना?"

"लेंगे. लेकिन जल्दी नहीं."

दोन दिवस मी दुसरं काही काम केलं नाही. आधी ज्यांच्यावर खेकसलो होतो त्यांना उलटे फोन लावले. अकरा माणसांना मी मामाजींचा नंबर दिला. एकाला तर, तो म्हातारे लोक टाळतो असा संशय आला म्हणून, गाडी नवी घ्यायचाही विचार चाललाय असं सांगितलं. मामाजींना खोटं बोलता येत नाही, पण घरात एकाला तरी यायला हवं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी मामाजींना फोन लावला. व्यस्त. बाराला व्यस्त. दोनला, तीनला, सव्वातीनला व्यस्त. संध्याकाळी पाचला एकदाची घंटी गेली आणि पलीकडून घोगरा झालेला, दमलेला, तरतरीत आवाज आला, "कोण?"

"मी बोलतोय मामाजी, पांढुर्ण्याहून."

"हां हां, जवाईबुवा! बोला, काय काम काढलं?"

"काम नाही. सहजच केला."

"सहज?" मला वाटलं, आता विचारतील, घरी कसे आहेत सगळे. मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकून सांगायची तयारीही केली. मुलाच्या परीक्षेचं, माझ्या गुडघ्याचं, बऱ्याच गोष्टी साठल्या होत्या. तेवढ्यात पलीकडे टुक-टुक असा आवाज आला.

"जवाईबुवा, ठेवा बरं आता," मामाजी घाईने म्हणाले, "दुसरा फोन येऊन राहिला. इंदूरवाली आहे. वर्ष झालं, पोरीच्या मायच्या गुडघ्याचं काय झालं थे विचाराचं राहिलं."

फोन बंद झाला. कचेरी सुटली होती, शिपाई खिडक्या लावत होता. मी पुन्हा फोन लावून पाहिला. व्यस्त.